वहिनीचं नको

नगरला अध्यापक विद्यालयात होते तेव्हा इंग्रजीच्या बाई रोज आमच्याकडून शिष्टाचार घोकून घ्यायच्या. 'मे आय हेल्प यू?' 'शॅल आय कॅरी दॅट फॉर यू?' एकीने विचारायचं, दुसरीने 'नो, थँक्यू' म्हणायचं, की पहिलीने हसून बाजूला व्हायचं. नको म्हटल्यावरही पुढे पुढे करणं म्हणजे गावंढळपणा, असं बाई सांगत. मला ते फार पटलं. गावंढळ म्हणून वसतिगृहात माझी भरपूर थट्टा झाली होती.

आमच्या घोडेगावाकडे मदत करू का असं कोणी विचारतच नाही. विचारलंच तर समोरची बाई नको म्हणणार, हे ठरलेलं. ते नको ऐकून घ्यायचं आणि तिच्या हातातला हंडा सरळ ओढून घ्यायचा. मला हे काय माहीत नव्हतं? पण बाहत्तरच्या उन्हाळी सुट्टीत मी घरी आले ती दीडशहाणी होऊनच.

आई गेल्यावर मला वहिनीनेच वाढवलं. मला नगरला शिकायला पाठवायचं, हेही तिनेच दादाकडे लावून धरलं होतं. त्या सकाळी दादा बैल घेऊन बाजारात गेला होता. वहिनी चुलीपाशी पोट धरून बसली होती, घामाने चिंब.

"वहिनी, दवाखान्यात जायचं का? आत्ता नेवाशाची एसटी येईल."

"नको वन्सं. हुईल बरं. तुमी वाचत बसा."

मी "बरं" म्हणाले आणि ओसरीवर पुस्तक उघडून बसले. एसटी आली, गेली. अजून ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुपारी वहिनी उठेचना. शेजारच्या काकूंनी आरडाओरडा करून त्यांच्या घरची बैलगाडी जुंपायला लावली. दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. पोटात रक्तस्राव झाला होता, सकाळीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

दादा बाजारातून थेट तिथेच आला. ओरडला नाही.

"दवाखान्यात जायचं का म्हनून इचारलं न्हाईस तिला?"

"विचारलं. नको म्हणाली."

"आगं, ती नकोच म्हननार. किती येळा इचारलंस?"

"एकदा," मी म्हणाले.