माझ्या बसवरच्या कंडक्टरबाई

मी ड्रायव्हर. माझ्या बसवर कितीतरी कंडक्टर आले नि गेले, पण कंडक्टरबाईंची गोष्ट निराळी. आवाज असा, की दारात लोंबकळणाराही मुकाट आत सरकायचा. "पुढे व्हा, दारातली जागा तुमच्या नावावर करून दिलेली नाही," म्हणायच्या, नि अख्खी गाडी हसायची.

याच बाई नवऱ्याच्या घरी ब्रही काढत नसत, हे मला डेपोत चहा पिताना त्यांच्याच तोंडून कळलं. तो मारायचा. गालावर वळ दिसला की "पाय घसरला" हे उत्तर ठरलेलं. एके दिवशी त्यांची चिमुरडी बाहुल्यांशी खेळत होती. एका बाहुलीनं दुसरीला बडवलं. मग पोरगी मार खाल्लेल्या बाहुलीच्या कानात म्हणाली, "कुणी विचारलं तर सांग, पाय घसरला."

"काका, माझं अंगच गार पडलं," बाई म्हणाल्या. "मला वाटायचं, मार मी एकटीच खातेय."

नवरा कामावर गेल्यावर लेकीला घेऊन त्यांनी माहेर गाठलं. आईनं समजूत घातली, "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच."

"भांड्याला नाही गं, डोक्याला लागतंय."

 आईनं नातीचं अंथरूण आपल्याशेजारी घातलं.

पोर मात्र धास्तावलेलीच. कुणी जरा मोठ्यानं बोललं की टेबलाखाली. म्हणून बाईंनी घरात कधी आवाज चढवला नाही. तो सगळा माझ्या बसला दिला.

एका दुपारी शाळा सुटल्यावर लेक माझ्यामागच्या बाकावर बसली होती. थांब्यावर नवरा चढला. "पुरे झाली नाटकं. घरी चल."

"तिकीट कुठलं देऊ?" बाईंनी विचारलं.

त्यानं त्यांचा दंड धरला. लेक बाकाखाली शिरली. बाईंनी घंटा वाजवली. मी गाडी कडेला घेऊन उठलो.

"घरचा मामला आहे, तुम्ही मध्ये पडू नका," तो मला म्हणाला.

"घरचा नाही," बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "हा मला मारायचा, आणि मी लोकांना खोटं सांगायचे. हात सोड. खाली उतर."

एक म्हातारी उठून बाईंशेजारी उभी राहिली. मग आणखी दोघीतिघी. तो पुटपुटत उतरला.  खाली बसून बाईंनी लेकीला बाहेर काढलं, पोटाशी धरलं, आणि डोळे पुसून उरलेली तिकिटं दिली. संध्याकाळी पोलिसांत तक्रार केली. पुढे कोर्टाच्या खेपा, नातेवाइकांचे टोमणे. बाई हटल्या नाहीत. कोर्टानं त्याला त्यांच्या आसपास फिरकायला बंदी केली.

लेकीची भीती काही लगेच गेली नाही. बरीच वर्षं ती दार वाजलं तरी दचकायची. परवा मात्र बाई हसतच ड्यूटीवर आल्या.

"काका, आज लेक माझ्याशी कडाकडा भांडली. सहलीला पाठवत नाही म्हणून. पाय काय आपटले, दार काय आदळलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. आवाज कसला खणखणीत आहे हो तिचा."