आप्पासोंचा चुकलेला निवाडा

कराडजवळच्या आमच्या गावात आप्पासोंना सगळे जज्जसाहेब म्हणतात. जज्जसाहेब नववी नापास आहेत, हे मी खात्रीनं सांगतो, कारण मी त्यांच्याच बाकावर नापास झालो. दहा वर्षं सरपंच, मग तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. देवळाच्या पारावर बसून त्यांनी इतकी भांडणं मिटवली, की कराडचे दोन वकील त्यांना बघून तोंड फिरवायचे. निकाल लागला की भांडणाऱ्यांनी एका ताटात जेवायचं, हा त्यांचा दंडक. एकदा दोन जावा अशा बसवल्या, तर त्या आमटीवरून नव्यानं भांडल्या.

पण थोरल्या भावाचं, कोंडीबाचं, प्रकरण आलं आणि माणूस बिचकला. कोंडीबाचा शेजारच्या लालासाहेबाशी बांधावरून वाद होता. लालासाहेब निवडणुकीत आप्पासोंच्या विरुद्ध उभा राहिलेला.

"सरकारी मोजणी आण की रं," कोंडीबा म्हणाला.

"त्येला सा म्हैनं लागत्यात, दादा. लोक म्हणतील, भावासाठी चालढकल करतोय."

आणि निःपक्षपाती दिसायच्या हौसेपायी त्यांनी नुसत्या नजरेच्या अंदाजानं उसाच्या चार सऱ्या लालासाहेबाला देऊन टाकल्या. गावानं वाहवा केली. मीही केली, खोटं कशाला बोलू? कोंडीबा मात्र ताटावर बसला नाही, आणि नऊ वर्षं भावाशी बोलला नाही. समोरून आप्पासो दिसले की सायकल वळवून माघारी जायचा.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला मोजणी आली, आणि बांध कोंडीबाचाच निघाला. मी लालासाहेबाला डिवचलं, तर लबाड हसत म्हणाला, "मला म्हाईतच हुतं की. पर जज्जसाहेबच देत्यात म्हटल्यावर न्हाई कसं म्हणू?"

आप्पासोंनी ग्रामसभेत चूक कबूल केली, सऱ्या परत करायला लावल्या. भावाकडं एकट्यानं जायचा धीर होईना, म्हणून मला ओढून नेलं. दारात वहिनी, धोंडुबाई, उभ्या होत्या.

"लय उशीर केलासा, भावजी. आता त्येंना माणसं वळखू येत न्हाईत."

कोंडीबा खाटेवर बसला होता. आप्पासोंनी त्याचे पाय धरले. "दादा, माझा निकाल चुकला."

कोंडीबानं त्यांना निरखून पाहिलं. "तुमी पंच हायसा व्हय?"

"...व्हय."

"मग माझं एक काम करा. माझा धाकटा भाऊ हाय, आप्पा. घरी येतच न्हाई वो. माझं काय चुकलं आसंल तर इचारा त्येला."

बांध, सऱ्या, राग, सगळं पुसलं गेलं होतं. भाऊ येत नाही, एवढंच उरलं होतं.

आप्पासोंनी त्याचा हात हातात घेतला. मग म्हणाले, "चूक त्येची हाय. मी आणतो त्येला."

"कवा?"

"उद्या."

त्याच आठवड्यात त्यांनी अध्यक्षपद सोडलं. आता रोज दुपारी ते भावाकडं जातात. कोंडीबा रोज तीच तक्रार मांडतो, आणि आप्पासो रोज उद्याचा वायदा करतात.

परवा मी चेष्टेनं म्हटलं, "काय जज्जसाहेब, तुमच्याबी कोर्टात नुसत्या तारखाच पडाय लागल्या की!"

ते हसले नाहीत. दुपार झाली म्हणत भावाच्या घराकडं चालू लागले.