कच्चे टाके

मैदानावरून परतताना टाचणी आत्याच्या चार पावलं पुढे होती. कमरेला आत्याची शाल घट्ट गुंडाळलेली आणि पाय असे आपटत चाललेली, की जणू रस्त्यानेच तिचं घोडं मारलं होतं. बसने जाऊ, असं आत्याने सुचवून पाहिलं. बसले तर रडेन आणि मला रडायचं नाही, एवढंच सांगून पोरगी पुढे निघाली. मागून आत्या मनात देवाचं नाव घेत, धापा टाकत.

टाचणी हे घरातलं नाव. अंगाने तशी आणि बोलायलाही तशीच. तिचे बाबा आणि आत्या, दोघं भावंडं मिळून छावणीच्या वर्द्या शिवत. कापणं-शिवणं बाबांचं, काजं-गुंड्या आत्याच्या. आपण वर्दी शिवायची, घालायची नाही, हे बाबांचं ठरलेलं बोलणं. त्या दोघांचा मधला भाऊ तेवढा ती घालून सैन्यात गेला होता, तो परत आला नाही. त्यामुळे टाचणीने भरतीचं नाव काढलं तशी सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. आईने अन्न सोडायची धमकी दिली, मामाने स्थळं आणली. टाचणीचंही मन धड ठरत नव्हतं. एकदा धावून बघते, नाही जमलं तर विषय संपला, असं ती शेवटी म्हणाली. बाबा चक्क हो म्हणाले. वर धावायची पँट स्वतः शिवून, इस्त्री करून दिली. पोरगी हरखून गेली.

आणि आज मैदानात निम्मी फेरी होते न होते तोच ती पँट मांडीपासून उसवत खाली गेली. बाकीच्या पोरी खिदळल्या. शिट्टीवाला तोंड फिरवून हसला. टाचणीने मुठीत कापड धरलं आणि तशीच पळाली. निवडलीही गेली. सोमवारी हजर व्हायचं की नाही, ते आता तिच्यावर होतं.

"आत्या, शिवण बघितलीस ना तू?"

बघितली होती, शाल गुंडाळतानाच. कपडा अंगावर घालून बघण्यापुरते घालतात तसले कच्चे टाके, वरून इस्त्री फिरवून पक्के भासवलेले. एक टाका सैल पडला तर अख्खी बाही उसवायला लावणारा माणूस पक्की शिवण घालायला विसरला असेल, असं देवाला स्मरून म्हणता येईना. आत्याच्या मस्तकात तिडीक गेली.

"बघितली," ती म्हणाली.

दुकानात बाबा मशीनवर वाकले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "झालं का धावून?"

टाचणीने शालीखाली लोंबणारा दोरा ओढून काढला आणि मशीनवर ठेवला. "निवडलं मला."

मशीन थांबलं. बाबांनी तो दोरा बोटांत उचलला.

"मधल्याची वर्दी मीच शिवली होती," ते म्हणाले. "पक्की शिवली होती."

आत्याचा राग जरासा ओसरला. टाचणीचा नाही. तोंडावर नको म्हणाला असतात तर कदाचित राहिलेही असते, ती म्हणाली. रडला असतात तर नक्कीच राहिले असते.

"चारचौघांत उघडं पाडलंत, बाबा. स्वतःच्या हाताने."

ती पडद्याआड गेली, कपडे बदलून आली आणि उसवलेली पँट आत्याच्या मांडीवर टाकली.

"सोमवारी हीच घालून जाणार आहे मी. आत्या, तू शिवून दे. दुहेरी शिवण घाल, आणि बाबांना हात लावू देऊ नकोस."