टायर घेण्याआधी चप्पल दाखवा

दोन जुने बातमीदार एका बाकावर बसले की लोकांना वाटतं, आता कौन्सिलातल्या भानगडी ऐकायला मिळणार. आमच्या कचेरीच्या व्हरांड्यात मात्र गेली पंधरा वर्षं एकाच विषयाचे किस्से साठत आलेत : सायकलचे टायर! मुद्दाम कुणी साठवले नाहीत. माळ्यावर जुन्या ट्यूबा साठतात तसेच हे. कामाला येत नाहीत आणि फेकवतही नाहीत.

हसू नका. ज्या मुलखात रस्ता व्हायच्या आधी रस्त्याचं सरकारी पत्रक निघतं, तिथे बातमीदाराने टायर सोडून भरवसा ठेवावा तरी कशावर?

आमचं दैनिक लहान. छापखाना शहरातल्या महाल भागात. संपादक अण्णासाहेब, मॅनेजर भालेराव, जिल्ह्याच्या बातम्या आणणारा मी, आणि कचेरीची एक सायकल. पाच वाजता शेवटचं पान यंत्रावर चढायचं. अण्णासाहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "पाचच्या आत आलात तर तुमची बातमी. नाही तर त्या जागी सरकारी पत्रक. अशी तीन पत्रकं छापावी लागली, तर तुमची जागा ती!"

'ती' म्हणजे खिडकीजवळची खुर्ची. तिथे बसून केशतेलाच्या जाहिरातींची प्रुफं तपासायची. माझ्या आधीचा बातमीदार तिथेच बसला होता. चांगला लिहिणारा माणूस! पुढे पुढे घरी पत्र लिहितानासुद्धा शेवटी 'सर्वत्र मिळते' असं लिहायचा.

म्हणून टायर.

*

पहिली निवड भालेरावांची. त्यांनी ती कॅटलॉग पाहून केली. अठ्ठावीस इंची चाकं, बोटाएवढे बारीक, गुळगुळीत टायर. कॅटलॉगात त्याच सायकलवर एक साहेब बसलेला होता.

"पाहा," भालेराव म्हणाले, "बुटावर शिंतोडासुद्धा नाही!"

"तो उभा आहे, भालेराव. मागे भिंत आहे."

"भिंतीजवळ काय चिखल नसतो?"

तिसऱ्याच दिवशी मी कळमेश्वरला निघालो. पुढे एक बैलगाडी होती. बैलगाड्यांनी वाटेत पाडलेल्या चाकोरीत माझं बारीक चाक असं काही बसलं, जणू माप घेऊनच केलं होतं. डावीकडे निघेना, उजवीकडे निघेना. उतरावं तर पाय टेकायला दोन्हीकडे चाकोरीचे काठ. गाडी कळमेश्वरच्या अलीकडेच वळली. तिच्यामागे मीही वळलो. गाडी तिच्या गावी गेली. मीही गेलो. गाडीवानाने बैल सोडले, माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "कोनाकडे आले जी, पाहुणे?"

पहिलं पत्रक छापलं गेलं. भालेराव म्हणाले, "पण पंक्चर तर झाला नाही ना!"

*

बारीक टायरात हवा टणक भरली की वेग वाढतो, हाही भालेरावांचाच शोध. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, मी ती टणक सायकल कोर्टाच्या खिडकीखाली उन्हात टेकवली आणि आत जाऊन बसलो. खटला मारामारीचा होता. वकील उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या अशिलाने जन्मात कधी शस्त्राला—"

धडाम!

दिवस क्रांतिकारकांच्या बाँबचे होते, ते तुम्हाला माहीत आहे. वकील दाराबाहेर गेले. शिरस्तेदार कपाटामागे. जागेवरून हलला नाही असा एकच माणूस, तो म्हणजे आरोपी. त्याला हलायची परवानगी नव्हती.

मॅजिस्ट्रेट टेबलाखालून म्हणाले, "आरोपीची वर्तणूक चांगली दिसते."

पोलिसांनी टायर जप्त केला. पंचनामा मी स्वतः वाचला आहे : 'एक काळी, वाटोळी वस्तू. पोट फुटलेलं. मालक जिवंत.'

*

मग अण्णासाहेब म्हणाले, आता निवड मीच करतो, आणि मला घेऊन उकंडरावांकडे गेले.

उकंडराव म्हणजे महालातले सायकलवाले. चाकाचे आरे नुसत्या बोटाने वाजवून कोणता सैल आहे ते सांगायचे. पण त्यांची एक रीत होती. टायर मागितला की म्हणायचे, "चप्पल दाखवा." चप्पल उलटी करून तळ पाहायचे, टाच पाहायची, शिवणीत अडकलेली माती टोच्याने काढून बोटावर चोळायची. मग कोणता टायर ते ठरायचं. चाक तयार होईस्तोवर चप्पल दुकानाच्या दर्शनी खिळ्याला, नावाची चिठ्ठी बांधून. आपलं नाव सांगितलं की चप्पल परत. अख्ख्या महालाला खिळे पाहून कळायचं, सध्या कोण अनवाणी आहे.

"चप्पल खोटी बोलत नाही जी," ते म्हणायचे. "माणूस म्हणते, मी रोज कामठीले जातो. चप्पल म्हणते, हा पानठेल्याच्या पुढं गेलाच नाही!"

अण्णासाहेबांनी आपला पंपशू पुढे केला. उकंडरावांनी तो उलटा केला, सुलटा केला, पुन्हा उलटा केला.

"अण्णासाहेब, तुमी चालून नाही राहिले. बसून राहिले. बसाले टायर नाही लागत जी, गादी लागते."

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. चौघंही आमचे वाचक.

अण्णासाहेब एक पंपशू पायात आणि एक हातात घेऊन खाली उतरले. "पुन्हा या दुकानात आमच्या कचेरीचा पाय पडणार नाही!"

*

झालं! निवड परत भालेरावांकडे आली. ते म्हणाले, "भांडणाचं मूळ हवा आहे. हवाच नको." आणि त्यांनी टांग्याच्या चाकाचं भरीव रबर सायकलला बसवून घेतलं.

बाभळीच्या काट्यांचं भय संपलं, हे मी मान्य करतो. पण कामठीच्या रस्त्यावर ती सायकल अशी हादरायची की समोरून येणारा माणूस मला दोन दिसायचा. पहिल्या फेरीतच घंटी गेली. मग एक पेडल गेलं. मग कुठून कुठून नट गेले. मी पोचलो, पण सायकलचा काही भाग मागेच राहिला.

पुढचे आठ दिवस बाजाराला येणारी माणसं कचेरीत डोकवायची. कुणी वांग्याच्या टोपलीतून एक स्क्रू काढायचं, कुणी पदराच्या गाठीतून नट. एका म्हातारीने घंटी आणून भालेरावांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "तो पेपरवाला जिता आहे ना, बापू?"

भालेराव म्हणाले, "आहे."

"मंग त्याले सांगजो, खालीच बसून राह्य म्हना."

*

यावर भालेराव दुसऱ्या टोकाला गेले. जाड टायर! मनगटाएवढे, वर खोल नक्षी. "चिखलाला धरून चालतील," ते म्हणाले. भाद्रपदात मी काटोलच्या बाजूला एका शेतातून आडवाटेने निघालो. टायरांनी चिखलाला खरोखरच धरलं. सोडलंच नाही!

आपली काळी माती ज्याला ठाऊक आहे, त्याला पुढचं सांगायला नको. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासून भरली, चाकं जागच्या जागी थांबली आणि मी उतरलो. सायकल उतरली नाही. हात सोडला तरी कशाला न टेकता सरळ उभी! मी तिला तशीच ठेवून शहराकडे चालत निघालो. पोचलो तेव्हा पान यंत्रावर होतं. दुसरं पत्रक.

चार दिवसांनी सायकल आणायला गेलो. सायकल ज्वारीत तशीच उभी. हँडलवर एक फाटकी बंडी, सीटवर मडकं. शेतकऱ्याचं नाव महादेव. तो हात जोडून पुढे आला.

"नेऊ नका जी."

"अहो, कचेरीची सायकल आहे."

"असंन जी. पन चार दिवस झाले, एक पाखरू येऊन नाही राहिलं. माहा भाऊ सोता उभा राहे तं पाखरं त्याच्या खांद्यावर बसत. कनसं कापेपर्यंत राहू द्या."

मी म्हणालो, राहू द्या. आमच्या दैनिकाचा इतका स्पष्ट उपयोग मी तोवर पाहिला नव्हता.

*

आता एकच पत्रक शिल्लक होतं. सायकल परत आल्यावर मी कुणाला न सांगता ती उकंडरावांकडे नेली. ते काही म्हणायच्या आतच चप्पल काढून हातात दिली.

त्यांनी तळ पाहिला. टाच पाहिली. शिवणीतली माती काढली. ढीगभर निघाली. मग माझ्याकडे पाहिलं.

"काहून गा, सायकल तुले नेते का तू सायकलले नेतं?"

त्यांनी चप्पल पुन्हा उलटी केली.

"खरं सांगून राहिली तुही चप्पल. अर्धी वाट तू तिले उचलून नेतं. मंग उचलाले सोपी पाह्यजे ना!"

त्यांनी दोन्ही मडगार्डं काढून फेकली. चाकं हलकी घातली. टायर ना जाड, ना बारीक, नक्षी उथळ, म्हणजे माती धरेल तशी झडेल. शेवटी जुन्या ट्यूबची जाड गुंडाळी करून ती सायकलच्या वरच्या दांडीला बांधली.

"हे कशाला?"

"खांद्याले."

*

हिंगण्याच्या पुढे चार मैलांचा एक नवा रस्ता झाला. तो उघडायला एक बडे साहेब मोटारीतून येणार होते. हुद्दा सांगत नाही. सांगायला हरकत नाही, पण सांगत नाही. मीही निघालो.

पहिले दोन मैल रस्ता होता. मग नाला लागला. तिथून पुढे मुरूम नव्हता, नुसती काळी माती आणि देखाव्यापुरती वर पसरलेली वाळू. मोटार पायरीपर्यंत रुतलेली. साहेब शेजारी उभे. मी उतरलो, सायकल खांद्यावर घेतली आणि त्यांच्या बाजूने पलीकडे निघालो.

साहेबांनी विचारलं, "कोणते टायर वापरता?"

"खांद्यावर सगळे सारखेच, साहेब."

त्यांनी दुकानाचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग ते आपल्या पिवळ्या बुटांनिशी दोन मैल चिखलातून चालत मांडवात आले. मी तिथे आधीच पोचलो होतो. फीत कापली गेली. मी सायकल पुन्हा खांद्यावर घेतली, नाला ओलांडला आणि पाचला दहा मिनिटं असताना अण्णासाहेबांपुढे बातमी ठेवली : 'नव्या रस्त्यावर साहेब दोन मैल पायी.'

दुसऱ्या दिवशी सरकारी पत्रक आलं : 'साहेबांची मोटार थेट मांडवापर्यंत विनासायास गेली.' सोबत एक पत्र. शुक्रवारी पाचला चढणाऱ्या पानात माफी छापा, नाही तर दैनिकावर कारवाई होईल.

अण्णासाहेब म्हणाले, "पुरावा आणा. माफी छापावी लागली, तर ते तुमचं तिसरं पत्रक."

मी पुरावा शोधत फिरलो. गावच्या पाटलांनी सांगितलं, "आमी तं मांडवाचे खांब धरून होतो जी. वाटेकडे पाह्यलंच नाही." कोतवाल म्हणाला, त्याच्या डोळ्यांत त्या दिवशी वाळू गेली होती. त्यावर मात्र माझा विश्वास बसला. तेवढी वाळू तिथे होती.

बुधवारी कचेरीत आलो तर खिडकीजवळच्या खुर्चीवर नवी गादी. अण्णासाहेब मनाने वाईट नव्हते.

गुरुवारी सकाळी भालेराव धावत आले. "उकंडरावांच्या दुकानाकडे चला. आधी चला!"

झालं होतं असं. साहेबांना माझ्यासारखे टायर हवे झाले. त्यांनी पट्टेवाल्याला पाठवलं. उकंडराव म्हणाले, "पायातलं पाह्यल्याशिवाय टायर देत नाही." पट्टेवाला माणूस हुकमाचा. तो बंगल्यावर परत गेला. साहेबांचे चकचकीत बूट उचलायची त्याची छाती झाली नाही. मागच्या व्हरांड्यात एक जोड टाकून दिलेली पडली होती, ती त्याने आणून दिली.

दर्शनी खिळ्याला पिवळे बूट लटकत होते. घोट्याच्या वरपर्यंत काळी माती, वाळून तडकलेली. चिठ्ठीवर लिहिलेलं : 'बडे साहेब.' समोर हा जमाव!

उकंडराव टोच्या हातात घेऊन एकेकाला दाखवत होते. "ही हिंगण्याकडची माती. अन् ही मंधामंधात वाळू दिसते ना? ती माती नाही, ते सरकारी काम आहे. दोन मैल तं चाललेच साहेब. अन् टाच पाहा कशी दाबली! रागात चालले."

अण्णासाहेबही आले होते. पण कचेरीचा पाय दुकानात पडणार नाही, असं ते बोलून बसले होते. म्हणून ते रस्त्याच्या पलीकडे उभे राहून चष्म्यातून पाहत होते.

शुक्रवारी चार वाजता पट्टेवाला धापा टाकत आला.

"बूट द्या."

"घेऊन जा," उकंडराव म्हणाले. "नाव सांगा. कोनाचे?"

पट्टेवाल्याने बुटांकडे पाहिलं. जमावाकडे पाहिलं. पलीकडे उभ्या असलेल्या अण्णासाहेबांकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहिलं.

"कोनी विचारलं तं आमचे नाहीत म्हनून सांगजो, असं साहेबानं सांगतलं."

"मंग दुसऱ्याचे कायले नेऊन राहिले गा?"

पट्टेवाल्याने बुटांकडे नेलेला हात मागे घेतला. मग आला तसा गेला.

पाच वाजले. शेवटचं पान माफीशिवाय यंत्रावर चढलं. बूट अजून त्याच खिळ्याला आहेत.