हाबेलच्या जागी

शेवगावच्या चर्चमध्ये गुरुवारी दुपारी स्त्रियांची सभा भरते. दर आठवड्याला एकीने एक अध्याय वाचून त्यावर बोलायचं. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय आला तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नुसती नावंच नावं. अमका इतकी वर्षं जगला, त्याला तमका झाला, मग तो मेला. शेवटी पाळकबाई म्हणाल्या, "पुष्पावतीबाई, तुम्ही घ्या. यातला शेथ तर तुमच्या घरातच आहे."

बायका हसल्या. पुष्पावतीबाईही हसल्या आणि हो म्हणाल्या.

शेथ त्यांचा धाकटा. वीस वर्षांपूर्वी तो नगरला गेला, फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम धरलं, लग्न करून तिथेच सावेडी भागात राहिला. वडील वारल्यापासून वर्षातून एकदा, त्यांच्या स्मरणदिनाला, शेवगावला यायचा आणि चहा घेऊन परत जायचा.

थोरला शमुवेल सात वर्षांचा असताना मेंदूज्वराने गेला. त्याचा गळा फार गोड होता. रविवारी तो गायला उभा राहिला की रडती लेकरंही गप्प व्हायची. दोन वर्षांनी दुसरा मुलगा झाला तेव्हा पुष्पावतीबाईंनी नाव स्वतःच ठरवलं. बायबलात आदाम-हव्वेचा मुलगा हाबेल मारला गेल्यावर हव्वेला शेथ झाला आणि ती म्हणाली, देवाने मला त्याच्या ऐवजी हा दिला. त्या एका वाक्याच्या आधारावर पुष्पावतीबाई पुन्हा उभ्या राहिल्या होत्या.

शाळेत पोरं शेथला 'शेठ' म्हणत. ते त्याने कधी मनाला लावून घेतलं नाही. लागलं ते घरातलं. अंगात शमुवेलचा स्वेटर, हातात शमुवेलची पाटी. शमुवेलच्या वाढदिवसाला खीर व्हायची. याच्या वाढदिवसाला आई डोळे पुसत बसायची. सहाव्या वर्षी त्याला चर्चमध्ये गायला उभं केलं. आवाज घोगरा, सूर काही लागेना. घरी आल्यावर पुष्पावतीबाई एवढंच म्हणाल्या, "तुझा दादा असता तर..." शेथला वस्तू उघडून बघायचा नाद होता. नवव्या वर्षी त्याने घरातला रेडिओ खोलला आणि पुन्हा जोडून चालू करून दाखवला. तरी मार बसला, कारण तो शमुवेलचा आवडता रेडिओ.

पुंजाराम, त्यांचे यजमान, तेव्हा एकदाच बोलले होते. "अगं, पोराला त्याचं जे हाय ते होऊ दे. गेलेलं लेकरू ह्याच्यात कशाला हुडकतीस?" पुष्पावतीबाई त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत.

बुधवारी दुपारी त्या सभेच्या तयारीला बसल्या. मिशनच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेलं, त्यामुळे वहीत आधी नावं ओळीने उतरवून घेतली. प्रत्येकाच्या शेवटी मरण, पण मरणाआधी एक मूल. मरण मधे येत राहिलं तरी देवाने ही ओळ तुटू दिली नाही, शेवटी याच वंशात ख्रिस्त जन्मला, असा मुद्दा त्यांनी लिहिला. मग सहज पहिल्या ओळींकडे वळल्या. आदामाला त्याच्या प्रतिरूपाचा, त्याच्यासारखा मुलगा झाला, त्याचं नाव त्याने शेथ ठेवलं. त्यांनी पुन्हा वाचलं. इथे हाबेलचं नावच नव्हतं. कुणाच्या ऐवजी, कुणाच्या जागी, काही नाही. मागच्या अध्यायात हव्वा, त्याची आई, आपलं दुःख बोलत होती; इथे शेथ नुसता आपल्या बापाचा मुलगा होता. हा अध्याय त्यांनी किती वेळा वाचला असेल, पण हे कधी दिसलं नव्हतं.

गुरुवारी त्या ख्रिस्ताच्या वंशाबद्दल चांगलं बोलल्या. दुसरी गोष्ट बोलल्या नाहीत. शनिवारी सकाळी एसटीने नगर गाठलं आणि रिक्षा करून सावेडीला गेल्या.

न कळवता आलेल्या सासूला पाहून रुपाली गडबडली. शेथ जेवायला घरी आलेला होता. सगळे पानावर बसले तशी सहा वर्षांच्या मोनिकाने डोळे मिटले, हात जोडले. "देवा, या अन्नाला आशीर्वाद दे. आणि पप्पांना कामावर शॉक लागू देऊ नको. आमेन."

"हिला कुणी शिकवलं?" पुष्पावतीबाईंनी विचारलं.

"यांनीच," रुपाली म्हणाली. "रोज दोघं मिळून करतात."

पुष्पावतीबाईंचा घास हातातच राहिला. मुलगा देवाला विसरला, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं त्या सभेत कितीतरी वर्षं सांगत आल्या होत्या. शेथच्या घरात लेकरू झालं तेव्हापासून लोक परमेश्वराचं नाव घेऊ लागले, हेही त्याच शास्त्रात लिहिलेलं होतं.

जेवणानंतर त्या गॅलरीत शेथजवळ जाऊन बसल्या. "तुझं नाव मी चुकीच्या कारणाने ठेवलं रे."

"नाव चांगलं आहे, आई. नावाचा त्रास नव्हता."

"मग?"

"मला ताप आला की तू किती घाबरायचीस. मला बरं वाटायचं, माझ्यासाठी घाबरते म्हणून. मोठा झाल्यावर कळलं, तुला दादा पुन्हा जाईल याची भीती होती."

ते खरं होतं. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

"हो," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. मग उठून त्याने स्कूटरची किल्ली घेतली. "चल, चारच्या गाडीला सोडतो."

स्टँडवर त्यांनी शेवगावला येण्याचं विचारलं. "बघतो," म्हणाला. नाताळला आला नाही.

आता त्या दर रविवारी फोन करतात आणि या आठवड्यात काय काय दुरुस्त केलंस, असं विचारतात. तो दोन शब्दांत उरकतो. मागच्या रविवारी मात्र एका कॉम्प्रेसरबद्दल पाव तास बोलत होता. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्या ऐकत राहिल्या. फोन ठेवल्यावर वाटलं, नऊ वर्षांचा असताना विचारलं असतं, तर हा किती बोलला असता.