गीझर पेटेना

टॉर्चचे जाडे सेल हातात आले, की मला बुकित पंजांगच्या भाड्याच्या फ्लॅटमधली एक सकाळ आठवते. लेक तेरा दिवसांची होती आणि माझ्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून आली होती. तेल लावलेलं बाळ पायांवर घेऊन ती बाथरूममध्ये बसली होती आणि गॅसचा गीझर नुसताच टिक-टिक करत होता, पेटत नव्हता. नवऱ्याने त्यातले सेल बदलले, नळ दहादा उघडून बंद केला आणि शेवटी घाबरून म्हणाला, "गॅस लीक तर नसेल होत?" झालं! खिडक्या सताड उघडून, बाळाला दुपट्यात गुंडाळून आम्ही सगळे कॉरिडॉरमध्ये येऊन उभे राहिलो. फोन केल्यावर आलेल्या म्हाताऱ्या चिनी मेकॅनिकने आधी घरभर वास घेतला, मग ओट्याखाली वाकून पाइपवरचा कॉक फिरवला. गीझर भक्कन पेटला. "आंटी क्लोज ऑलरेडी लाह!" तो हसत आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, म्हणजे आंटींनीच तो बंद करून ठेवला होता. आईने उलट आम्हालाच सुनावलं, "चहा झाला की गॅस खालून बंद करायचा, एवढं मला कळतं. आंघोळीचं पाणीही त्याच गॅसवर तापतं, हे कुणी सांगितलं होतं मला?" मी हसता हसता रडले. हल्ली बाहेर निघताना लिफ्टपासून मीच परत फिरते, कॉक बंद केलाय ना ते बघायला ओट्याखाली वाकते, आणि दारात ताटकळलेली तीच लेक वैतागून ओरडते, "ममी, क्लोज ऑलरेडी लाह!"