चौथा रकाना

बाइंडरच्या लेकीला सगळे मुंगी म्हणत. मुंगीला गहू चालत नव्हता. दूध, अंडी आणि शेंगदाणेही चालत नव्हते. काय चालतं ते मोजायला एका हाताची बोटं पुरायची: भात, मासे, बटाटा, गाजर आणि सफरचंद. एकदा शेजारणीने कौतुकाने दिलेल्या बिस्किटाने पोरीचे ओठ सुजले होते, श्वास अडकला होता. तेव्हापासून बाइंडर डोळ्यांत तेल घालून वागायचा. दुकानात प्रत्येक पाकिटावरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचायचा.

"अहो, साबण आहे तो!" दुकानदार म्हणायचा.

"असू दे. ती हात चाटते."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पोटात जाणारा घास न् घास लिहून ठेवा. आता यासाठी बाजारातली वही आणेल तो बाइंडर कसला! त्याने स्वतः वही बांधली. लाल कापडाचं कव्हर, जाड पुठ्ठा, पाठीला गोलाई. एरवी तो पुठ्ठा चिकटवायच्या खळीत मोरचूद घालायचा, म्हणजे कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, आणि ही वही पोरीच्या हातात खेळणार. म्हणून तिच्यासाठी त्याने बिनमोरचुदाची ताजी खळ शिजवली. आत तीन रकाने आखले: वेळ, काय खाल्लं, काय झालं. आणि नियम केला, आधी लिहायचं, मग खायचं. वही टेबलावर आणून ठेवायचं काम मुंगीचं.

पण पुढच्या दोन महिन्यांत पोरीच्या अंगावर वरचेवर गांधी उठू लागल्या. पोट दुखायचं, उलट्या व्हायच्या. वजन दोन किलोंनी उतरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात कुठून तरी गहू जातोय पोटात. शोधा. नाही सापडला तर पुढच्या शुक्रवारी भरती करू, आणि भात-मासेही बंद करून बघू." पाचातून दोन गेले की पोर खाणार काय, या विचाराने बाइंडरची झोप उडाली.

मुंगीची आई परगावी नर्स होती, शनिवारी यायची. दिवसभर घरात बाइंडरची थोरली बहीण. आयुष्यभर शिवणकाम केलेली ही ताई मुंगीसाठीच येऊन राहिली होती. स्वतःचा पाव ती गॅलरीत उभी राहून खायची आणि मग कोपरापर्यंत हात धुवायची. पण शंकेची पाल एकदा चुकचुकली की गप्प बसत नाही. बाइंडरने पट्टी घेतली आणि वहीत चौथा रकाना आखला: कोणी दिलं.

"हे काय नवीन?" ताईने विचारलं.

"डॉक्टरांना लागतं," बाइंडर कान खाजवत म्हणाला. खोटं बोलताना तो कान खाजवतो, हे ताईला तो चार वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. तिने पेन उचललं. आठ दिवस आपल्या ताठ अक्षरात लिहीत राहिली: आत्या, आत्या, आत्या.

गुरुवारी संध्याकाळी पोरीची मान लालेलाल झाली आणि बाइंडरचा तोल गेला.

"ताई, खरं सांग. तिच्या हट्टापुढे विरघळतेस ना? देतेस ना एखादा तुकडा?"

ताई मुंगीच्या मानेला औषध लावत होती. ते पूर्ण लावून झाल्यावरच तिने वर पाहिलं. "तुला असं वाटत असेल, तर मी उद्या सकाळी जाते."

बोलल्याप्रमाणे सकाळी तिची पिशवी दाराशी होती. बाइंडरने दवाखान्यात न्यायला वही उचलली. खालचा कोपरा मऊ लागला. कापड विरलेलं, पुठ्ठा कुरतडलेला. त्याच्या मनात आलं ते धंद्यातलंच: झुरळं लागली, मोरचूद घातला नाही ना! झुरळांना खळीची चव लागते, हे कुठलाही बाइंडर सांगेल. त्याने भिंग काढलं. पुठ्ठ्यावर दातांच्या खुणा होत्या, आणि मधोमध एका दाताची जागा मोकळी. मुंगीचा पुढचा दात नुकताच पडला होता.

"मुंगे, तू वही चावतेस?"

"वही आणायला जाते ना, तेव्हा," मुंगी म्हणाली. "लिहिल्याशिवाय कोणी खाऊ देत नाही! मला भूक लागते."

बाइंडरने भिंग खाली ठेवलं. खळ म्हणजे मैदा. तीस वर्षं त्याने मैदा शिजवला, पण तो त्याच्या लेखी कधी अन्न नव्हताच. साबणाचं पाकीट वाचणाऱ्या माणसाने स्वतःचं पातेलं कधी वाचलं नव्हतं. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती वही आधी घराबाहेर काढा. भरतीचं नंतर बघू."

लाजेने त्याचे कान तापले होते. त्याने कालचं पान उघडलं आणि शेवटची ओळ लिहिली. काय खाल्लं: वहीचा कोपरा. काय झालं: गांधी. कोणी दिलं: बाबा.

मग तो वही घेऊन दाराशी गेला. ताई चप्पल घालत होती. तिने वही हातभर लांब धरून वाचली, दोनदा वाचली.

"चुकलो, ताई," तो म्हणाला.

ताईने चप्पल काढली. "शिवणीची सुई आण. नवी वही नुसती दोऱ्याने शिवू, मी शिवते. तुझी खळ नको आणि तुझा पुठ्ठाही नको." पिशवी उचलून ती आत वळली. मग थांबली. "आणि रेघा तू आख."

बाइंडरने पट्टी घेतली. नव्या वहीत त्याने तीनच रकाने आखले.